एमआर एन्टेरोग्राफी: पुण्यातील एका तपासणी केंद्राचे परीक्षण

पुण्यातील एका खासगी तपासणी केंद्रात अलीकडेच माझी एमआर एन्टेरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याची एमआरआय तपासणी झाली. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मी दिलेले नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत. शिवाय तंत्रज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट बदलले की तेच केंद्र पार वेगळे होते. ज्यांच्या हातात डॉक्टरांनी या तपासणीची चिठ्ठी ठेवली आहे, त्यांना नावापेक्षा केंद्र कसे पारखावे हे समजणे अधिक उपयोगाचे ठरेल. माझे मत आरंभीच सांगून टाकतो: या तपासणीचा कस यंत्रात लागत नाही, तो लागतो यंत्रात जाण्यापूर्वीच्या तासाभरात आणि अहवाल लिहिणाऱ्याच्या नजरेत. जाहिरातीत मात्र नेमके यंत्रच मिरवले जाते.

लहान आतडे हा पोटातला सर्वांत अडचणीचा प्रदेश आहे. तोंडावाटे घातलेली दुर्बीण जठर ओलांडून त्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत जाते. गुदमार्गाने घातलेली दुर्बीण मोठ्या आतड्याचा पूर्ण फेरा मारून त्याच्या शेवटच्या काही सेंटीमीटरमध्ये डोकावते. मधले काही मीटर लांबीचे, वेटोळे घालून बसलेले आणि सतत हलणारे आतडे दोन्ही बाजूंनी अस्पर्शित राहते. पूर्वी बेरियम पाजून एक्स-रे काढत. त्यात आतड्याची पोकळी दिसे, पण भिंतीच्या आत आणि भिंतीपलीकडे काय चालले आहे ते अंदाजानेच ठरवावे लागे. सीटी स्कॅनने ती उणीव भरून काढली, मात्र त्यासोबत किरणोत्सर्गाचा हिशेब आला. एका सीटी एन्टेरोग्राफीत साधारणपणे 10 मिलिसीव्हर्टच्या आसपास मात्रा पोहोचते. निसर्गातून माणसाला वर्षभरात मिळणाऱ्या मात्रेची जागतिक सरासरी सुमारे 2.4 मिलिसीव्हर्ट आहे. एकदाच करायची तपासणी असेल तर याचे फारसे काही वाटू नये. पण ज्या आजारात विशी-तिशीपासून वरचेवर आतडे पाहावे लागते, तिथे ही बेरीज वाढत जाते, आणि म्हणूनच अशा रुग्णांना एमआरआयकडे वळवले जाते. एमआरआयमध्ये चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओ लहरी वापरतात. त्यात क्ष-किरण नसतात.

माझा आजार क्रोन्स. 1932 साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला येणाऱ्या या दाहाचे वर्णन केले, आणि तिघांपैकी एकाचेच नाव त्याला चिकटले. आपल्याकडे त्याचे निदान सहसा सरळ होत नाही, कारण आतड्याचा क्षयरोगही नेमका त्याच जागी, लहान आणि मोठे आतडे जिथे जुळतात तिथे ठाण मांडतो. पोटदुखी, वजन घटणे, बारीक ताप ही लक्षणे दोन्हींत येतात. बायोप्सीही पुष्कळदा दोघांमध्ये ठाम भेद करू शकत नाही. त्यामुळे आधी क्षयरोगाची औषधे देऊन काही महिने वाट पाहायची आणि उतार पडला नाही तर क्रोन्सकडे वळायचे, हा मार्ग इथल्या अनेक रुग्णांना चालावा लागतो. मीही तो चाललो आहे. या वेळी प्रश्न निराळा होता. जेवणानंतर पोटात कळ येऊन फुगारा धरत होता, आणि आतडे कुठे अरुंद झाले आहे का, झाले असल्यास ते सुजेमुळे की जुन्या जखमेचा व्रण आवळल्यामुळे, हे डॉक्टरांना पाहायचे होते. गिळण्याच्या कॅमेऱ्याचा, म्हणजे कॅप्सूल एन्डोस्कोपीचा विषय मी काढला, तेव्हा त्यांनी तो तिथेच मिटवला: सुमारे 26 मिलिमीटर लांबीची ती कॅप्सूल अरुंद जागेत अडकली, तर तपासणीचेच शस्त्रक्रियेत रूपांतर व्हायचे.

केंद्र निवडताना मी तीन-चार ठिकाणी फोन केले आणि या तपासणीबाबत गोंधळ कुठे सुरू होतो ते तिथेच कळले. दोन ठिकाणी स्वागतकक्षातील व्यक्तीने ‘पोटाचा एमआरआय’ असे म्हणून दर सांगून टाकला. साधा पोटाचा एमआरआय ही वेगळी तपासणी आहे. त्यात यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंडे नीट दिसतात, पण रिकामे आतडे मिटलेल्या पिशवीसारखे पडून राहते; मिटलेल्या आतड्याची निरोगी भिंतही जाड भासते आणि खरी सूज त्यात लपून जाते. मी ज्या केंद्राला अखेर पसंती दिली, तिथे फोन उचलणाऱ्या मुलीने पहिलाच प्रश्न केला, “सर, एन्टेरोग्राफी आहे का? मग तुम्हाला दीड तास आधी यावं लागेल, पाणी प्यायचं असतं.” तेवढ्यावर माझा निम्मा निर्णय झाला. त्यानंतर तिने क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा ताजा अहवाल आणायला सांगितला, शरीरात पेसमेकर, क्लिप किंवा कानातले रोपण आहे का ते विचारले, काचबिंदू, हृदयाची अनियमित गती आणि लघवी अडण्याचा त्रास यांबद्दलही विचारले. शेवटचे तीन प्रश्न पुष्कळांना विसंगत वाटतील. तपासणीत आतड्याची हालचाल थांबवणारे इंजेक्शन द्यावे लागते आणि त्या औषधाला हे तिन्ही विकार मानवत नाहीत, म्हणून ते विचारायलाच हवेत. जिथे ते विचारत नाहीत, तिथे एक तर ते इंजेक्शन देत नसावेत किंवा विचार न करता देत असावेत. दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत.

सहा तास उपाशी राहून मी सकाळी पोहोचलो. कागदपत्रे आटोपल्यावर एका मावशींनी दीड लिटर द्रावण चार बाटल्यांत भरून समोरच्या टेबलावर मांडले. प्रत्येक बाटलीला चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनाने वेळ लिहिलेली होती: आठ, सव्वाआठ, साडेआठ, पावणेनऊ. ही साधी चिकटपट्टी मला या केंद्राची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. सारे द्रावण एकदम ढोसले तर उलटी होते किंवा ते पुढे निघून जाते. रेंगाळत प्यायले तर पुढचे आतडे भरेपर्यंत मागचे रिकामे होते. तासाभरात समान अंतराने प्यायल्यावरच जठरापासून मोठ्या आतड्याच्या तोंडापर्यंत सगळी वेटोळी एकाच वेळी फुगलेली सापडतात. शेवटची बाटली तर मुद्दाम यंत्रात जाण्याच्या आधी संपवायची असते, म्हणजे वरचा भागही भरलेला राहतो.

द्रावण मॅनिटॉलचे होते. सलाईनप्रमाणे शिरेतून देण्यासाठी मिळणारे 20 टक्के मॅनिटॉल पाण्यात मिसळून ते 3 टक्क्यांच्या आसपास आणतात. साध्या पाण्याने का भागत नाही, तर पाणी आतडे वाटेतच शोषून घेते आणि शेवटच्या भागापर्यंत, म्हणजे जिथे माझा आजार आहे तिथपर्यंत, फारसे काही पोहोचत नाही. मॅनिटॉल ही आतड्यात जवळजवळ न शोषली जाणारी साखर आहे. ती पाणी स्वतःजवळ धरून ठेवते आणि आतडे ताणलेले राहते. काही ठिकाणी दुर्बिणीच्या तयारीला वापरतात तेच पॉलिएथिलीन ग्लायकॉल देतात. त्यानेही काम होते. या द्रवांचा आणखी एक गुण आहे. एका प्रकारच्या चित्रांत ते पांढरेशुभ्र दिसतात आणि त्यांच्यातून भिंतीच्या काळ्या घड्या उठून दिसतात. दुसऱ्या प्रकारच्या चित्रांत ते काळे पडतात आणि शिरेतून दिलेल्या औषधाने उजळलेली भिंत त्या काळोखात स्पष्ट होते. चव म्हणाल तर गोडसर, कोमट आणि तिसऱ्या बाटलीनंतर नकोशी. केंद्राने ते गार करून आणि लिंबाचा अर्क घालून दिले असते तर बरे झाले असते. हा खर्चाचा नव्हे, कल्पकतेचा प्रश्न आहे. मावशींनी मात्र मला खुर्चीत बसू दिले नाही. “साहेब, जरा फिरा, म्हणजे खाली सरकेल,” असे म्हणत त्या दर बाटलीनंतर मला कॉरिडॉरमध्ये पिटाळत होत्या, आणि पावणेनऊच्या बाटलीत तळाशी उरलेले दोन घोटही त्यांनी सोडू दिले नाहीत.

आता तक्रार. मॅनिटॉल जसे आतडे फुगवते तसेच ते पोट साफही करते, आणि हे त्याचे ठरलेले काम असल्याने त्याची वेळ केंद्राला ठाऊक असायला हवी. त्या मजल्यावर रुग्णांसाठी एकच स्वच्छतागृह होते. सोनोग्राफीसाठी पोटभर पाणी पिऊन, लघवी धरून बसलेले रुग्णही त्याच दारासमोर उभे होते. दोन निरनिराळ्या घाईंची ही रांग पाहून मला हसू आले खरे, पण तपासणी संपवून बाहेर आल्यावर ते हसू टिकले नाही. ज्या केंद्रात ही तपासणी नियमाने होते, तिथे या रुग्णांसाठी एक स्वतंत्र स्वच्छतागृह सोय म्हणून नव्हे, तपासणीचा भाग म्हणून राखून ठेवायला हवे.

यंत्र 3 टेस्लाचे होते (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) आणि दर्शनी भिंतीवर ते मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. आतड्यासाठी 1.5 टेस्लाचे यंत्र उत्तम चालते. उलट 3 टेस्लावर आतड्यातल्या हवेभोवती चित्र बिघडण्याचा उपद्रव काही प्रकारच्या चित्रांत जास्त होतो. कुशल तंत्रज्ञ तो आटोक्यात ठेवतात, पण ‘जास्त टेस्ला म्हणजे जास्त चांगले’ हा हिशेब गुडघ्याला जितका लागू पडतो तितका आतड्याला पडत नाही. रुग्णाने टेस्ला विचारण्याऐवजी, आठवड्यात अशा किती एन्टेरोग्राफी करता, हे विचारावे.

आत जाण्यापूर्वी धातूची तपासणी दोनदा झाली. अंगठी, पट्टा, पाकीट, मोबाइल बाहेर ठेवले. मग दारापाशी हातातल्या डिटेक्टरने पुन्हा पाहिले. मुंबईत जानेवारी 2018 मध्ये एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या सिलिंडरसह यंत्राकडे खेचला जाऊन रुग्णाच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला होता, हे मला आठवत होते. हा चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असतो. या बाबतीत इथली शिस्त चोख होती. माझ्यासोबत आलेल्या भावाला तर त्यांनी पिवळ्या रेषेच्या अलीकडेच थांबवले.

टेबलावर पालथे झोपायचे होते. फुगलेल्या पोटावर पालथे होणे सुखाचे नाही, तरी त्याने आतड्याची वेटोळी पसरतात आणि पोटाची जाडी कमी होऊन कमी चित्रांत काम भागते. पाठीवर संकेत टिपणारी कॉइल ठेवून पट्टे आवळले, गरज पडल्यास दाबायला हातात रबरी फुगा दिला आणि कानांवर हेडफोन चढवले. यानंतरची पस्तीसेक मिनिटे श्वासाच्या हिशेबात गेली. श्वास घ्या, सोडा, धरा; पंधरा-वीस सेकंद ठोकल्यासारखा आवाज; मग मोकळीक. या सूचना सुरुवातीला यंत्रातल्या ध्वनिमुद्रित हिंदीत आल्या आणि त्यांची गती माझ्या दमाला झेपेना. तंत्रज्ञ मुलीच्या ते ध्यानात आले असावे, कारण थोड्या वेळाने मुद्रित आवाज बंद झाला आणि तिचा स्वतःचा आवाज आला: “काका, मी सांगते तसं करा. घाई नाही. श्वास सोडा… आता धरा.” तेव्हापासून एकही चित्र पुन्हा घ्यावे लागले नाही, असे तिने नंतर सांगितले. लहान आतड्याच्या चित्रणात हललेला श्वास म्हणजे वाया गेलेले चित्र. त्यामुळे या मुलीच्या त्या चार वाक्यांची किंमत मी यंत्राच्या किमतीइतकीच धरतो.

चित्रांचा क्रमही विचारपूर्वक होता. आधी आतड्याच्या हालचालीची चित्रफीत घेतली, कारण जिथे भिंत आजारी असते तिथे लाट मंदावते, आणि अरुंद वाटणारी जागा केवळ आकुंचनाची की कायमची, हे त्या हालचालीवरून समजते. ती झाल्यावरच हायोसिन ब्यूटिलब्रोमाइडचे इंजेक्शन शिरेतून हळूहळू दिले. आपल्याकडे बस्कोपॅन या नावाने घराघरात असलेले हेच ते पोटदुखीचे औषध. मिनिटभरात तोंडाला कोरड पडली आणि छातीत धडधड जाणवली. तंत्रज्ञाने ती आधीच सांगून ठेवली असल्याने घाबरायला झाले नाही. मग आतडे शांत असतानाच गॅडोलिनियमचे, म्हणजे भिंत उजळवणाऱ्या धातूचे औषध टोचून त्यानंतरची चित्रे घेतली. कोणते गॅडोलिनियम वापरता, असे मी आधी विचारले होते. या औषधांत धातूचा अणू दोन प्रकारच्या रेणूंत बांधलेला असतो. वलयाकार रेणूत तो अधिक घट्ट धरलेला राहतो, आणि 2017 साली युरोपच्या औषध नियामक संस्थेने शिरेतून द्यायच्या सरळ साखळीच्या अनेक औषधांचा वापर थांबवण्याची शिफारस केली होती. इथे वलयाकार प्रकारचे औषध होते आणि कुपीवरचे नाव मला न कुरकुरता दाखवण्यात आले. मूत्रपिंडे फारच कमजोर असलेल्यांत गॅडोलिनियमने कातडी आणि अवयव घट्ट होण्याचा गंभीर विकार क्वचित होतो, हेच क्रिएटिनिन मागण्याचे कारण.

बाहेर आल्यावर केंद्राचे लक्ष माझ्यावरून उडाले. हायोसिनमुळे काही काळ जवळचे धूसर दिसते, मोबाइलवरची अक्षरे लागत नाहीत, आणि अशा अवस्थेत गाडी चालवणे धोक्याचे आहे. हे मला कोणीही सांगितले नाही. भाऊ सोबत होता म्हणून निभावले. पुढचे काही तास पोट ढळणार, पाणी भरपूर प्यावे, दुपारी हलके खावे, कर्वे रस्त्यावरच्या गर्दीत लगेच शिरू नये, एवढे छापलेला अर्ध्या पानाचा कागद त्यांनी दिला असता तर ही तक्रार उरली नसती. त्यांच्याकडे प्रत्येक तपासणीच्या दरांचा गुळगुळीत रंगीत कागद मात्र होता.

अहवाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. अशा तपासणीचा अहवाल कसा असू नये, याचा नमुना माझ्या फायलीत आधीपासून आहे: दुसरीकडे केलेल्या एका जुन्या स्कॅनचा निष्कर्ष ‘लहान आतड्याच्या अंत्यभागात जाडी, क्लिनिकल संदर्भ पाहावा’ इतक्या एका ओळीत संपतो. नव्या अहवालात सुरुवातीलाच आतडे किती भरले होते ते लिहिले होते: अंत्यभाग चांगला फुगलेला, वरचा भाग मध्यम. ही कबुली मला महत्त्वाची वाटली, कारण न फुगलेल्या भागाबद्दल ठाम बोलता येत नाही आणि पुष्कळ अहवाल ते लपवतात. त्यानंतर मोजमापे होती. फुगलेल्या निरोगी आतड्याची भिंत 3 मिलिमीटरच्या आत असते. माझ्या अंत्यभागात सुमारे 12 सेंटीमीटर लांबीत ती 6 मिलिमीटर होती, आणि थोडा निरोगी पट्टा सोडून वरच्या बाजूला आणखी एका तुकड्यात 4 मिलिमीटर. अरुंद जागेच्या आधीचे आतडे 2.6 सेंटीमीटर रुंद होते. 3 सेंटीमीटरच्या वर ते फुगले असते तर अडथळा पक्का धरला गेला असता. चरबीचा संकेत दाबलेल्या चित्रांत भिंत उजळ दिसत होती, म्हणजे तिच्यात पाणी, पर्यायाने ताजी सूज होती. आतड्याकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या फुगून कंगव्याच्या दातांप्रमाणे समांतर उभ्या होत्या. रेडिओलॉजिस्ट या खुणेला कंगव्याचेच नाव देतात. भगंदर (आतड्यातून फुटलेली आडवाट) नाही, गळू नाही, असेही स्पष्ट नोंदवले होते. आहे ते लिहिण्याइतकेच नाही ते लिहिणेही इथे गरजेचे असते.

क्षयरोगाच्या प्रश्नावरही त्यात दोन ओळी होत्या आणि त्या वाचून मला या रेडिओलॉजिस्टबद्दल आदर वाटला. मधून मधून निरोगी भाग सोडत गेलेला आजार, लांब तुकडा, भिंतीच्या एका, म्हणजे रक्तवाहिन्या येणाऱ्या बाजूला अधिक जाडी, आणि लसिका गाठी असल्या तरी त्यांच्या आत कुजल्याची खूण नसणे, ही चिन्हे क्रोन्सकडे झुकतात. याउलट मध्यभागी कुजलेल्या गाठी, पोटात पाणी आणि उण्डुकाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा अधिक सहभाग दिसला तर आपल्याकडचा कोणताही शहाणा डॉक्टर आधी क्षयरोगाचा विचार करतो. अहवालाने निदान लादले नाही. कोणत्या खुणा कोणत्या बाजूला पडतात ते मांडले आणि ठरवणे माझ्या डॉक्टरांवर सोडले. अरुंद जागेबद्दल मात्र त्याने सूज ठळक असल्याचे नोंदवून आतला व्रण किती, हे या तपासणीतून खात्रीने वेगळे काढता येत नाही, असे लिहिले. हे खरे आहे. बहुतेक अरुंद जागांत सूज आणि व्रण एकमेकांत मिसळलेले असतात, आणि औषध वाढवावे की फुग्याने रुंद करावे की शस्त्रक्रिया करावी, हे तेवढ्या एका चित्रावर ठरत नाही. माझ्या बाबतीत डॉक्टरांनी औषध बदलण्याचा मार्ग धरला.

अहवालातली उणीव तुलनेची. जुन्या सीटीची सीडी मी काउंटरवर दिली होती आणि तिची पोचही घेतली होती, तरीही अहवालात तिचा उल्लेखच नव्हता. क्रोन्समध्ये आज काय आहे याहून, मागच्यापेक्षा वाढले की घटले, हा प्रश्न मोठा असतो. फोन केल्यावर समजले की सीडी काउंटरवरच्या खणात पडून होती. दोन दिवसांनी पुरवणी आली आणि तिच्यात दुसरा, वरच्या बाजूचा तुकडा नवा असल्याचे निघाले. म्हणजे ज्या माहितीने उपचाराची दिशा बदलली ती मागितल्यावर मिळाली. रेडिओलॉजिस्टनी स्वतः फोनवर येऊन पाच मिनिटे समजावून सांगितले, हे त्यांचे सौजन्य. काउंटर आणि वाचनकक्ष यांच्यातली ही फट मात्र त्या केंद्राने बुजवायला हवी.

ही तपासणी सर्वांसाठी आहे असे मी म्हणणार नाही. रात्री पोट फुगून उलट्या सुरू झाल्या आणि आतडे फुटल्याची शंका असेल तर सीटीच योग्य. ती काही मिनिटांत होते आणि दीड लिटर द्रावण पिण्याच्या अवस्थेत तेव्हा कोणी नसतो. आतल्या अस्तरावरच्या अगदी बारीक जखमा एमआरआयमध्ये निसटू शकतात. तिथे कॅप्सूल सरस ठरते, अर्थात वाट मोकळी असेल तर. सोनोग्राफीही या कामी कमी लेखू नये. ब्रिटनमधील आठ रुग्णालयांत 284 रुग्णांवर झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मेट्रिक या अभ्यासात, लहान आतड्यात आजार आहे हे ओळखण्यात एमआर एन्टेरोग्राफीची संवेदनशीलता, म्हणजे आजार असलेल्यांपैकी तो ज्यांच्यात पकडला गेला त्यांचे प्रमाण, 97 टक्के आणि सोनोग्राफीची 92 टक्के आढळली. आजार कुठवर पसरला आहे हे ठरवण्यात मात्र अंतर वाढले, 80 टक्क्यांविरुद्ध 70 टक्के. आतडे पाहण्याचा सराव असलेला सोनोग्राफीतज्ज्ञ आपल्या गावात असेल तर दोन एमआरआयच्या मधला काळ त्याच्यावर सोपवता येतो. असे तज्ज्ञ पुण्यातही शोधावे लागतात.

खर्च सुमारे 12,000 रुपये आला आणि त्यात द्रावण, दोन्ही इंजेक्शने व सीडी धरलेली होती. फोनवर कमी दर सांगणारी केंद्रे गॅडोलिनियमचे वेगळे लावतात, म्हणून एकूण आकडा विचारून घ्यावा. आरोग्य विम्याकडून सहसा काही मिळत नाही, कारण बहुतेक पॉलिसींत रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय तपासणीचा खर्च देत नाहीत. पुढे ठरावीक मुदतीत त्याच आजारासाठी दाखल व्हावे लागलेच तर आधीची बिले लावता येतात, तेव्हा मूळ पावती जपून ठेवावी. बिलावर मात्र ‘एमआर एन्टेरोग्राफी’ असेच लिहून घ्यावे. माझ्या पहिल्या बिलावर ‘एमआरआय पोट’ छापले होते आणि ते बदलून घ्यावे लागले.

नवीन औषधाचा परिणाम पाहण्यासाठी मधल्या काळात मलातील कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारे प्रथिन) आणि सोनोग्राफी, आणि नंतर पुन्हा एमआर, असे डॉक्टरांनी ठरवले आहे. तेव्हा मी याच केंद्रात जाणार आहे, कारण त्याच पद्धतीने, तेच द्रावण पाजून घेतलेली चित्रेच एकमेकांशेजारी ठेवून मोजता येतात. जुनी सीडी या खेपेला काउंटरवर न देता थेट रेडिओलॉजिस्टच्या हाती देईन. जाणाऱ्यांनी सकाळी आठची वेळ मागावी; तोवर सोनोग्राफीची रांग लागलेली नसते आणि मावशी त्या वेळेला कामावर असतात. आठवडाभर आधी फोन करावा लागतो, कारण त्या वेळेसाठी ते एकाच रुग्णाची नोंद घेतात.